फट चालते, उंबरठा चालत नाही: ठोकळ्यांच्या उड्डाणपुलाला चढाचा रस्ता कसा जोडावा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलीच्या लेगोच्या शहरात उड्डाणपूल उभा आहे. त्याचा रस्ता खालच्या रस्त्यापासून ५ ठोकळे उंच आहे. चढासाठी ४५ अंशांचे उतरते ठोकळे लावले, तर गाडी माथ्यावर पोट टेकून अडकली. मग लांब प्लेट (म्हणजे पातळ, चपटा ठोकळा) तिरकी टेकवली, ती दोन्ही टोकांना एकदम बसेना. दाबून बसवली, तर सकाळी सुटून पडलेली. जागा एका बेसप्लेटची, म्हणजे सगळ्याच्या खाली अंथरायच्या पातळ पाटीची, ३२ स्टडची. स्टड म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरचा गोल उंचवटा. आणि विचारलंय ते हे, की नेमके कुठले तुकडे विकत घ्यावेत.

मी बारा-पंधरा वर्षं ठोकळ्यांची शहरं मांडतो आहे आणि चढ हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. म्हणून उत्तर लांबणार, चालवून घ्या. खरेदीचं आधीच सांगून टाकतो: खास तुकडा एकही लागत नाही. साध्या प्लेटा, टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) आणि खांबांसाठी साधे ठोकळे पुरतात. अडचण तुकड्यांची नाहीच. चढाला दोन मोड असतात, एक पायथ्याशी आणि एक माथ्याशी. गाडी नेहमी या मोडांवर अडते, मधल्या सरळ चढावर सहसा कधीच नाही. तुम्ही उताराचा कोन बघत होतात, तो बाजूला ठेवून आता मोडांकडे बघा.

आधी मापं, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. प्लेट आणि टाइल दोन्ही ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटांचा एक ठोकळा. १९५८ साली पेटंट झालेल्या ठोकळ्यापासून हे माप बदललेलं नाही, त्यामुळे घरातला जुना साठाही निर्धास्त वापरा. तुमची चढाई ५ ठोकळे म्हणजे ४८ मिलिमीटर आणि आडवी जागा ३२ स्टड म्हणजे २५६ मिलिमीटर.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. दुसरी, पोटाखालची मोकळी जागा. तिसरी, पुढचा बंपर चाकाच्या किती पुढे आलाय. तुमची गाडी माझ्यासमोर नाही, म्हणून मी नेहमीची छोटी गाडी धरतो: चाकांमध्ये ८ स्टड म्हणजे ६४ मिलिमीटर, पोटाखाली एका प्लेटइतकी जागा म्हणजे ३.२ मिलिमीटर, चाकाचा व्यास टायरसकट १४ मिलिमीटर. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

गाडी माथ्यावर अर्धी चढली आहे असं डोळ्यांसमोर आणा. पुढची चाकं पुलावर, मागची चढावर आणि मोड बरोबर मध्ये. त्या क्षणी मोडाचं टोक दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर येतं आणि पोटात घुसायला बघतं. किती वर येतं, हे काढता येतं: चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला मोडाच्या निम्म्या कोनाच्या टॅन्जंटने गुणायचं. आपल्या गाडीसाठी ४५ अंशांना हे टोक १३ मिलिमीटर वर येतं. ३३ अंशांच्या उतरत्या ठोकळ्याने साडेनऊ. १८ अंशांच्या लांब उतरत्या ठोकळ्याने ५. दहा अंशांना २.८ आणि सात अंशांना जेमतेम २. तुमच्याकडे जागा आहे ३.२ मिलिमीटरची. म्हणजे ४५ चे जाऊन १८ चे आणले असते, तरी गाडी तिथेच अडकली असती. उतरते ठोकळे मुळात घराच्या छपरासाठी आहेत, तिथेच ते शोभतात. शिवाय बऱ्याच उतरत्या ठोकळ्यांच्या खालच्या कडेला छोटीशी उभी पायरी असते, त्यामुळे एकापुढे एक लावले की चाकाला दर ठोकळ्याला ठेच लागते.

आकडेमोड नको असेल तर खडू घ्या. मी अजूनही प्रत्येक नव्या गाडीला हेच करतो. माथ्याच्या कडेवर खडू जाड फासायचा, गाडी हळू ढकलायची, मग उलटी करून पोट बघायचं. पांढरी रेघ पोटाच्या मधोमध असली तर माथ्याचा मोड जास्त आहे. पायथ्याशी तोच प्रयोग केला आणि रेघ बंपरच्या खालच्या कडेला उठली, तर पायथा सुधारायचा. कुठे रेघच नाही, तर चढ झाला. यासाठी ठोकळ्यांचा चढ तयार असण्याचीही गरज नाही. आधी पुठ्ठ्याचा तुकडा पुस्तकांवर टेकवा, हवा तिथे दुमडा आणि गाडी चालवा. पाच मिनिटांत कळतं.

पायथ्याचा हिशोब सोपा आहे. बंपर चाकाच्या आसाच्या २ स्टड पुढे असेल आणि जमिनीपासून एक प्लेट वर असेल, तर साधारण ११ अंशांपर्यंतचा मोड त्याला चालतो. त्यापुढे बंपर चढाला आपटतो.

आता तुमच्या सुटलेल्या प्लेटकडे येऊ. तिरकी बाजू पायापेक्षा लांब असते, हे आपण शाळेत शिकतो आणि ठोकळे हातात आले की विसरतो. समजा ४८ स्टडच्या आडव्या अंतरावर ५ ठोकळे चढायचं आहे. आडवं अंतर ३८४ मिलिमीटर, तिरकं भरतं ३८७. तुमची ४८ स्टडची पट्टी ३८४ चीच असते, म्हणजे ३ मिलिमीटर कमी पडते. डोळ्याला हे काहीच वाटत नाही. पण ठोकळ्यांची पकड मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या फरकावर चालते, तिला ३ मिलिमीटर म्हणजे डोंगर. माझ्या सुरुवातीच्या एका मोठ्या मांडणीत मी असाच चढ दोन्ही टोकांना दाबून बसवला होता. रात्री सुरेख दिसला. सकाळी मधला सांधा उघडलेला आणि खालची बेसप्लेट धनुष्यासारखी वर उचललेली. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, की चढाचं एक टोक नेहमी मोकळं ठेवायचं.

इथे कुणीतरी पायथागोरसचे पूर्णांक सुचवेल: ३-४-५, ५-१२-१३ वगैरे, म्हणजे तिरकी बाजूही पूर्ण स्टडमध्ये बसते. छपरांना आणि त्यांच्या खालच्या तिरक्या कैच्यांना ही युक्ती उत्तम आहे, मीही वापरतो. रस्त्याला मात्र ती निरुपयोगी आहे, कारण ५-१२-१३ चा कोन साडेबावीस अंशांच्या वर जातो. तेरा अंशांच्या खाली यायला ९-४०-४१ घ्यावं लागतं आणि ९ स्टड म्हणजे ७२ मिलिमीटर, अर्थात साडेसात ठोकळे. ना ती उंची जमते, ना जागा पुरते. म्हणून तिरकं माप जुळवण्याच्या मागे लागूच नका. ते जुळणार नाही हे धरूनच बांधा.

टोक मोकळं ठेवलं की तिथे फट येणार, याची लोकांना भीती वाटते. १४ मिलिमीटरचं चाक ३ मिलिमीटरच्या फटीवरून जाताना मिलिमीटरचा सहावा भाग खाली जातं. ४ मिलिमीटरची फट असली तरी तिसऱ्या भागापेक्षा कमीच. हाताला कळतही नाही. पण ३.२ मिलिमीटरची पायरी, म्हणजे नुसत्या एका प्लेटची जाडी, त्याच चाकाला जोरात अडवते. म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो, फट चालते, उंबरठा चालत नाही. कष्ट घ्यायचे ते दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत आणण्यासाठी. फट बुजवण्यासाठी नाही.

इथपर्यंतचं ध्यानात ठेवायचं ते एवढंच: मोड सौम्य हवेत, एक टोक मोकळं हवं आणि पायरी कुठेही नको. आता बांधायचं कसं ते बघू.

तुमच्याकडे ३२ स्टडच आहेत. एकच सरळ चढ केला तर कोन १०.६ अंश येतो, प्रत्यक्षात टेकायच्या जागेमुळे अकराच्या आसपास. मग माथ्याचं टोक ३ मिलिमीटरच्या वर येतं आणि पोटाखाली जागा आहे ३.२ ची. गाडी कशीबशी जाईल, पण खरवडत. पायथ्याशी बंपरचीही तीच गत.

त्याऐवजी चढाचे तीन तक्ते करा: खालचा ८ स्टडचा, मधला १६ चा, वरचा ८ चा. पहिल्या ८ स्टडमध्ये एक ठोकळा चढायचं, मधल्या १६ मध्ये तीन ठोकळे, शेवटच्या ८ मध्ये पुन्हा एक. मधला भाग आता जास्त खडा होतो, साधारण १३ अंश. तरीही गाडीला हा चढ सोपा जातो, कारण ११ अंशांचा एकेक मोड आता दोन-दोन मोडांत वाटला गेला आहे. पायथ्याशी आणि माथ्याशी ९ ते साडेनऊ आणि मधल्या दोन सांध्यांवर फक्त ४ च्या आसपास. माथ्याचं टोक अडीच मिलिमीटरवर येतं, पोटाला श्वास घ्यायला जागा मिळते. जास्त खडा चढ जास्त सोपा, हे मला स्वतःला पहिल्यांदा पुठ्ठ्यावर दिसलं तेव्हा मी तो प्रयोग तीनदा करून पाहिला होता. खऱ्या रस्त्यांवरही चढाच्या दोन्ही टोकांना कोन न ठेवता उभी वक्र वळणं देतात, तीच ही गोष्ट.

प्रत्येक तक्ता म्हणजे एक प्लेट आणि वर टाइल, जाडी ६.४ मिलिमीटर. रुंदी ८ स्टड ठेवा. ८×८ च्या दोन आणि ८×१६ ची एक प्लेट मिळाली तर कामच झालं. नसतील तर छोट्या प्लेटा जोडा, पण वरची टाइल नेहमी खालच्या सांध्यावरून आडवी जाऊ द्या. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. भिंतीत जे खरं, ते इथेही खरं.

पायथ्याशी खालचा रस्ता बेसप्लेटपासून एक ठोकळा उंच करा: दोन प्लेटा आणि वर टाइल. जिथे तो रस्ता संपतो, तिथून पुढे बेसप्लेटवर फक्त टाइलची एक पट्टी द्या. खालचा तक्ता या टाइलवर टेकतो आणि रस्त्याच्या कापलेल्या कडेला पाठ लावतो. टाइल ३.२ आणि तक्ता ६.४, मिळून ९.६. रस्ता आणि तक्ता एका पातळीत, उंबरठा गायब. बहुतेक लोक हीच जागा चुकवतात. तक्ता सरळ बेसप्लेटवर टेकवतात आणि मग पायथ्याशी त्याची सगळी जाडी पायरी होऊन उभी राहते.

पहिला खांब आठव्या-नवव्या स्टडवर, दोन स्टड जाड: एक ठोकळा आणि वर टाइल. दुसरा चोविसाव्या-पंचविसाव्यावर: चार ठोकळे आणि टाइल. माथ्याशी पुलाखालचा शेवटचा खांब पाच ठोकळ्यांचा घ्या आणि तो चढाच्या बाजूला एक स्टड बाहेर काढा. बाहेर आलेल्या ओठावर टाइल लावा, बाकीच्यावर पुलाच्या दोन प्लेटा आणि टाइल. वरचा तक्ता त्या ओठावर टेकला की पुलाच्या पातळीत येतो. सगळ्या उंच्या पूर्ण ठोकळ्यांत बसतात, म्हणूनच मी ही विभागणी निवडली. खांबांच्या माथ्यावर टाइलच हवी. स्टड उघडे राहिले तर तक्ता त्यांच्यावर अडकतो, आणि त्याला तर घसरता आलं पाहिजे.

खांब तक्त्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक स्टड रुंद करा आणि त्या टोकांवर एक ठोकळा वाढवा. हे कान तक्त्याला बाजूला सरकू देत नाहीत. लहान मुलं गाडी कधीच सरळ ढकलत नाहीत.

आता तक्ते एकमेकांना जोडायचे नाहीत. नुसते ठेवायचे. गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढतं, वरचा मधल्याला टेकतो, मधला खालच्याला आणि खालचा रस्त्याच्या कडेला. कमी पडलेली सगळी लांबी एकाच ठिकाणी, माथ्याशी, साधारण ४ मिलिमीटरची फट होऊन जमते आणि तिथे ती कुणाला त्रास देत नाही. सांध्यांवर मिलिमीटरभर उंच-सखल राहील आणि तक्त्याच्या टोकावर बोट दाबलं तर तो केसभर हलेल. चालतं. पण ती हालचाल बंद करायला म्हणून दोन तक्त्यांवर मिळून एक टाइल दाबू नका. तसं केलंत की तुमची पहिल्या रात्रीची प्लेट परत आली समजा.

बिजागरी का नको, हे तुम्ही विचारालच. कटकट आवाज करत अडणारी बोटांची बिजागरी साडेबावीस अंशांच्या टप्प्यांनीच थांबते, आपल्याला हवेत चार आणि नऊ अंश. दांडी आणि चिमट्याची जोडी हव्या त्या कोनात फिरते, पण दोन प्लेटांमध्ये साधारण स्टडभर फट सोडते. त्या फटीत १४ मिलिमीटरचं चाक सव्वा मिलिमीटर बसतं आणि धक्का जाणवतो. वर-खाली उचलणारा पूल करायचा असेल तेव्हा बिजागरी जरूर वापरा. इथे नुसते ठेवलेले तक्ते उजवे, कारण कुणाचा हात पडला तर काही तुटत नाही. तक्ते उचलायचे आणि परत ठेवायचे, तुमची मुलगी हे स्वतः करू शकेल.

मधल्या तक्त्याखाली, सोळाव्या स्टडपाशी, एक आधार देऊन ठेवा: दोन ठोकळे, एक प्लेट आणि टाइल. तो तक्त्याला लागणार नाही, थोडा खालीच राहील. तसाच हवा. त्याचं काम फक्त कुणी तक्त्यावर कोपर टेकवलं तर त्याला पकडायचं. खांबांना ठोकळे कमी पडत असतील तर घरातले ड्यूप्लोचे, म्हणजे लेगोचेच लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे, वापरा. ते मापाने बरोबर दुप्पट असतात, त्यामुळे एक ड्यूप्लो म्हणजे उंचीला दोन ठोकळे आणि वर साधे ठोकळे नीट बसतात. चार ठोकळ्यांचा खांब म्हणजे दोन ड्यूप्लो.

कठडा लावायचा असेल तर प्रत्येक तक्त्याचा वेगळा लावा आणि सांध्यापाशी अर्धा-एक स्टड मोकळा सोडा. सलग कठडा म्हणजे तक्ते पुन्हा जखडणं. दोन बेसप्लेटांवर चढ पसरत असेल तर आधी त्या दोघींना वरून प्लेटा लावून बांधा. सतरंजीवर मांडणी असेल तर खाली फळी घाला, नाहीतर बेसप्लेट वाकते आणि खांबांच्या उंच्यांना काही अर्थ राहत नाही.

लांब ट्रक किंवा बस असेल तर मात्र हा चढ पुरणार नाही. चाकांमधलं अंतर दुप्पट झालं की त्याच मोडावर पोटाला दुप्पट जागा लागते आणि ८ स्टडचा छोटा तक्ता तिच्या चाकांमध्येच हरवून जातो. तक्ता निदान चाकांमधल्या अंतराइतका लांब हवा. म्हणजे १६ स्टडच्या बसला एकूण ६४ स्टडची जागा द्यावी लागेल किंवा पुलाची उंची कमी करावी लागेल. उंची कमी करण्याचा विचार तसाही करून बघा. तुमच्या पुलाखाली आता ३८.४ मिलिमीटर मोकळे आहेत आणि टोपी नसलेली लेगोची बाहुली साधारण ४० ची असते. खालून फक्त बुटक्या गाड्याच जाणार असतील तर एक ठोकळा सहज उतरवता येईल. आठास एक अशा सौम्य चढात तेवढ्याने जवळजवळ १० स्टडची जागा वाचते.

आज संध्याकाळी पुठ्ठा आणि खडू घेऊन एवढं मोजा: चाकांमधलं अंतर, पोटाखालची उंची, बंपर किती पुढे आहे. तिन्ही आकडे लिहून पाठवलेत तर तुमच्या गाडीसाठी खांबांच्या उंच्या काढून देतो.